केवडा पाळणारी

काय काम करतेस, विचारलं की मी सांगते,
केवडा पाळते.
नवख्या बायकांना वाटतं, वेणीतला.
ओझरच्या बसमध्ये एकीने माझा हातच हुंगला,
म्हणाली, वास नाही येत गं.

नाही येत.
हा केवडा पानाच्या पोटाला येतो,
पांढरा, पिठूळ, धुकं बसून राहिल्यासारखा,
आणि दिंडोरीकडच्या मळ्यांत दिवेलागणीनंतर
जनावराचं घेत नाहीत तसंच
याचंही नाव घेत नाहीत.

नुसत्या बशीत तो जगत नाही. जिवंत पान लागतं,
कोवळं, तेही लाडक्या जातीचं.
म्हणून दर सोमवारी मी त्याला
जुन्या पानावरून नव्यावर नेते, विरजण राखावं तसं.
एक सोमवार चुकला तर वर्षाची परीक्षा बुडाली.

परीक्षा म्हणजे चकत्या.
रुपयाएवढ्या, ओल्या कागदावर पालथ्या,
प्रत्येकीखाली पेन्सिलीने नंबर.
थॉम्पसनची चकती चौथ्या दिवशीच पांढरी होते,
दार उघडं, पान वाढलेलं, या बसा.

सत्तेचाळीस तशी नाही.
भिंगाखाली पाहिलं तर
बीज जिथे टेकलं, तिथली पेशी
आपणहून मरून गेलेली.
शेजारच्या दोन-चारही.
एक तपकिरी टिंब, खसखशीएवढं,
आणि त्यापुढे रोगाला खायला काही नाही.

कलम बांधायला सुरगाण्याहून येवाजी थविल येतो.
त्याला मी भिंग दिलं. बराच वेळ डोळा काढला नाही.
मग म्हणाला, ताई, ही तर जाळरेषा.
आमच्या डोंगरावर वणव्याआधी
आम्हीच पट्टा जाळतो.
वहीतल्या चौकटीत मी नऊ लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात जाळरेषा लिहिलं, मग खोडलं.

सत्तेचाळीसची द्राक्षं मात्र
चार चार बियांची, जीभ सोलणारी.
कोल्ह्याचं म्हणणं इथे खरं निघतं.

कुरकुटे मॅडमनी तिच्या कळ्यांचे केसर
चिमट्याने उपटले, चष्मा कपाळावर ठेवून,
आणि गोड जातीचा पराग कुंचल्याने लावला.
दोनशे बारा रोपं झाली.
कुणी आईसारखी आंबट, कुणी बापासारखी दुबळी,
बरीच दोन्ही.
पाचव्या वर्षी मार्चमध्ये चाखायचा दिवस ठरला,
ड्रायव्हर, वॉचमन, हिशेबनीस, सगळे ओळीत.
तो दिवस थुंकण्यातच गेला.
एकशे तेरापाशी वॉचमन थांबला
आणि न विचारता दुसरा मणी तोडला.

त्याचा एक घोस मी खेडगावला नेला.
सासरे मला मळ्यात येऊ देत नाहीत,
पाच वर्षं झाली. बरोबरच आहे त्यांचं,
कपड्यांवर काय घेऊन फिरते मी कुणाला ठाऊक.
घोस धुऊन नेला होता, तरी बांधावर
चुन्याच्या पाण्यात पाय बुडवून उभी राहिले.
पुंजाबांनी मणी तोंडात टाकला. चावला.
साखर कमी आहे.
हो.
साल जाड.
हो.
फवारे किती घेतले?
दोन, मी म्हणाले.
त्यांच्या बागेला त्या साली एकवीस झाले होते,
हे दोघांनाही माहीत होतं.
ते काही बोलले नाहीत. तळहातावर बी थुंकलं,
उलटंसुलटं पाहिलं,
आणि घोस माझ्याकडे परत न देता
मोटरच्या खोलीकडे निघून गेले.

सोमवारी पुन्हा विरजण.
एकशे तेराच्या चकतीवर टिंबं सगळी जागच्या जागी,
फक्त एका कडेला
पांढरं काहीतरी, सुईच्या अग्राएवढं,
मागच्या आठवड्यात नव्हतं ते.
मी दिवा जवळ ओढला.
वहीत तारीख घातली.